रुमालातले कागद आणि कारकुनाची नजर

पुण्याच्या पुराभिलेखागाराला लोक आजही पेशवे दफ्तर म्हणतात. तिथे तीस हजारांहून अधिक रुमाल, म्हणजे कागदांची कापडी गाठोडी, बांधून ठेवलेले आहेत. त्यांत पेशव्यांच्या हुजूर दफ्तराचे कागद आहेत, सातारकर छत्रपतींचे आहेत आणि इंग्रजी अमदानीत इनामांच्या चौकशीसाठी गावोगावहून गोळा केलेलेही आहेत. जुना मजकूर बहुतेक मोडीत. एखाद्याने रोज शंभर कागद वाचायचा नेम केला आणि एकूण कागद कोटीभरच धरले, तरी ते संपायला पावणेतीनशे वर्षे लागतील. हा ढीग कोणी हौसेने जमवलेला नाही. राज्याचा कारभार चालवता चालवता तो रोजच्या रोज साठत गेला. साठत असतानाच त्यातून हवा तो कागद हव्या त्या वेळी काढणारी आणि वर्षाचा हिशेब एका फर्दावर उतरवून देणारी माणसे तिथे बसलेली होती. माहिती आवाक्याबाहेर गेली की माणसाने काय करावे, हा प्रश्न आपल्याला फार नवा वाटतो. या दफ्तराच्या दीड-दोन शतकांच्या इतिहासात त्याचे एक उत्तर मिळते. कागद आवरतो तो प्रत्यक्ष काम करून तयार झालेल्या नजरेने. याद्या, सूच्या आणि पुस्तके त्या नजरेच्या मदतीला येतात. नजरच नसेल तर त्यांचाही ढीगच होतो.

आधी दफ्तराची रचना पाहू, कारण पसारा आवरण्याची साधने त्या काळी नव्हतीच असे म्हणणे खोटे ठरेल. नाना फडणिसांच्या काळात हुजूर दफ्तरात दोनशेहून अधिक कारकून काम करीत. फडणिसांच्या हाताखालच्या चालत्या दफ्तराचे फड, बेहडा आणि सरंजाम असे भाग होते. हुकूम आणि सनदा फडातून सुटत, रोजचा जमाखर्च तिथल्या रोजकीर्दीत चढे. बेहड्याकडे महालांच्या अपेक्षित उत्पन्नाचे आणि खर्चाचे अंदाज असत, सरंजामाकडे सरदारांना लावून दिलेल्या मुलखाचे हिशेब. याखेरीज पुण्यात कायम राहणारे एकबेरीज दफ्तर होते. सगळ्या खात्यांचे हिशेब तिथे येऊन पडत आणि त्यांच्या खतावण्या व तर्जुमे तयार होत. म्हणजे रोजकीर्दीतल्या असंख्य नोंदी खतावणीत विषयवार लागत आणि तर्जुम्यात वर्षाची जमा, खर्च नि बाकी एका दृष्टिक्षेपात दिसे. हा उतरंडीसारखा संक्षेप आजच्या कुठल्याही कचेरीला शोभेल असा आहे. पण संक्षेप म्हणजे काहीतरी गाळणे, आणि काय गाळायचे हे रोजकीर्द स्वतः सांगत नाही. एखाद्या महालाचा वसूल गुदस्तापेक्षा घटला, तर तो दुष्काळाने घटला, फौजेच्या मुक्कामाने घटला की मामलेदाराने मध्येच गिळला, हे ओळखून कुठली नोंद उपसायची ते ठरवणारा माणूस लागे. तो माणूस कसा घडत होता, हा खरा मुद्दा आहे.

पंतोजींच्या शाळेत मुलाला अक्षर, उजळणी आणि पावकी, निमकीपासून औटकीपर्यंतचे पाढे मिळत. एवढ्या शिदोरीवर दफ्तरात बसलेल्या पोराला पहिल्या दिवशी समोरच्या कागदातले फारच थोडे कळले असेल. मोडी हात न उचलता लिहायची, ओळीतले शब्द एकमेकांना चिकटलेले, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, विरामचिन्हे नाहीत. घराण्याघराण्याचे वळण निराळे. तारखेसाठी मुसलमानी महिन्याचा चंद्र आणि वर्षासाठी अरबी अंकनामांचा सुहूर सन. ‘तिसा सबैन मया व अलफ’ असे लिहिले की 1179 समजायचे आणि ते मृगापासून मोजायचे, म्हणजे इसवी सनाचे 1778-79. रुपया एक नव्हता. अंकुशी, मल्हारशाही, चांदवडी अशी नाणी चालत आणि प्रत्येकाचा बट्टा वेगळा. धान्याची मापे परगण्यागणिक बदलत. त्यातच एका सनदेवर अनेक हातांच्या खुणा असत: कोणाचे ‘मोर्तब सुद’, कोणाचे ‘बार’, कोणाचा रुजू केल्याचा शेरा. यातली प्रत्येक गोष्ट सुटी शिकवता आली असती. पण कारकुनाला त्या सगळ्या एकदम आणि भराभर वापराव्या लागत, आणि हे येण्याची एकच वाट होती: उमेदवारी. जुन्या माणसाच्या शेजारी बसायचे, नकला करायच्या, बेरजा ताडून पाहायच्या, चुकले की पुन्हा लिहायचे. वडिलांच्या हाताखाली, मामाच्या हाताखाली किंवा एखाद्या दरकदाराच्या फडावर ही वर्षे जात. नकला करता करता उमेदवाराच्या हे ध्यानात येई की कागदाचा मायना आणि ठरीव मजकूर डोळ्यांखालून घालायचा, आणि थांबायचे ते कलमे, रकमा, मुदती नि शेरे आले की. अशा सवयीतून पानभर मजकुरातल्या कामाच्या दोन ओळी त्याला आपसूक दिसू लागत.

पुस्तके नव्हती का? होती. हेमाडपंतांच्या नावाने चालत आलेली मेस्तके होती. त्यांत अधिकाऱ्यांची कामे आणि हिशेबांचे नमुने सांगितलेले असत. कोणाला कोणता मायना लिहावा हे सांगणाऱ्या लेखनपद्धती होत्या. शिवकाळात रघुनाथपंतांनी राज्यव्यवहारकोश रचला. समर्थांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा आरंभच लेखनक्रियेच्या निरूपणाने केला. तेव्हा मराठी कारभारी ग्रंथाला तुच्छ मानीत होते असे म्हणता येणार नाही. मात्र मेस्तके वाचली की लक्षात येते, ती नवशिक्याला उद्देशून फारसे समजावीत नाहीत. ज्याने काम केले आहे त्याला विसरलेले आठवावे, वाद पडला तर आधार दाखवता यावा, एवढ्यासाठी ती आहेत. अनुभव आधी आणि ग्रंथ नंतर, असा तो क्रम आहे. नेमका हाच क्रम पुढे उलटा झाला आणि त्याचे परिणाम पुणे जिल्ह्यालाच भोगावे लागले.

पण त्याआधी दफ्तर कसे ढासळले ते पाहायला हवे. नाना फडणीस 1800 साली वारले. दुसऱ्या बाजीरावाने मुलूख मक्त्याने देण्याची चाल वाढवली. जो जास्त बोली बोलेल त्याला महाल मिळू लागल्यावर गावाच्या उत्पन्नाचा बारीक हिशेब सरकारला नकोसा झाला. ठरलेली रक्कम पुण्यात पोचली की काम संपले. बेहडा कशासाठी काढायचा आणि खतावणी कशासाठी लावायची? पेशवाई बुडाल्यावर इंग्रज कारभारी एल्फिन्स्टनच्या हाताखाली दफ्तराची पाहणी मॅक्लिऑड या अधिकाऱ्याने केली. त्याला आढळले की बाजीरावाच्या कारकिर्दीत दफ्तराची हेळसांड झाली होती आणि लोकांना कागद उचलून नेण्याचीही मुभा मिळत होती. इथे कार्यकारणाचा क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. कागद वाढले म्हणून व्यवस्था कोलमडली असे झालेले नाही. ज्या कामासाठी कागद वाचावे लागत ते काम थांबले, त्याबरोबर वाचणारे विखुरले, आणि मग कागद निव्वळ ओझे झाले. माहितीचे ओझे वाटणे हे पुष्कळदा तिच्या आकारापेक्षा तिच्याशी आपले काम तुटल्याचे लक्षण असते.

1817 च्या नोव्हेंबरात पुणे इंग्रजांच्या हाती आले. एल्फिन्स्टनने 1819 च्या आपल्या अहवालात जुनी घडी शक्यतो न मोडण्याचे धोरण मांडले. नव्या सरकारला कागदाची भूक मात्र जुन्याहून मोठी होती. 1820 च्या दशकाच्या उत्तरार्धात रॉबर्ट कीथ प्रिंगलने पुणे जिल्ह्याची जमाबंदी हाती घेतली. तो हेलीबरी कॉलेजात शिकलेला होता आणि तिथे अर्थशास्त्र माल्थस शिकवीत असे. रिकार्डोचा खंडाचा सिद्धान्त त्याने शेताच्या बांधावर आणला. शेताची मोजणी करायची, मातीची प्रतवारी लावायची, पीक किती, मशागतीचा खर्च किती ते काढायचे, खर्च वजा जाता उरलेले निव्वळ उत्पन्न ठरवायचे आणि त्याचा शेकडा 55 हिस्सा सरकारने घ्यायचा. कागदावर यात खोट काढणे अवघड. पण एवढ्या शेतांची एवढी माहिती तपासून घेण्याइतकी जाणकार माणसे नव्हती. मोजणीत चुका झाल्या, लाच चालली, आणि आलेले आकडे शेतकऱ्याला पेलण्यापलीकडचे निघाले. इंदापुरासारख्या अवर्षणी भागात रयत जमिनी टाकून जाऊ लागली. प्रिंगलजवळ माहिती कमी होती हे त्याच्या अपयशाचे कारण म्हणता येत नाही. त्याच्याजवळ ती पेशव्यांच्या कुठल्याही मामलेदारापेक्षा अधिक असेल. तिच्यातला कोणता आकडा खरा आणि कोणता लिहून आणलेला, हे सांगणारी नजर त्याच्या यंत्रणेत नव्हती.

त्याच इंदापुरात 1835-36 मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी निराळी वाट धरली. निव्वळ उत्पन्नाचे गणित त्यांनी सोडून दिले. मागच्या वर्षांत तालुक्याने खरोखर किती वसूल दिला, लागवड केव्हा वाढली नि केव्हा घटली, पाऊस कसा, बाजार किती लांब, यावरून त्यांनी एकूण दर बेतला. मातीचा रंग आणि खोली पाहून जमिनीच्या नऊ प्रती लावल्या आणि सारा तीस वर्षांसाठी कायम केला. यात प्रिंगलपेक्षा कमी आकडे होते, पण प्रत्येक आकडा शेतावर उभे राहून पडताळता येण्याजोगा होता. ही पद्धत मुंबई इलाख्यात पसरली आणि 1847 च्या संयुक्त अहवालात तिचे नियम बांधले गेले. अनुभव आधी, ग्रंथ नंतर, हा मेस्तकांचा क्रम असा परत आला. इथे कोणी म्हणेल की हीही साम्राज्याचीच वसुली होती, तिच्या पोटातही अन्याय होता. खरेच आहे, 1875 मध्ये पुणे आणि नगर जिल्ह्यांत सावकारांविरुद्ध दंगे झाले, त्यामागे सारावाढीचाही वाटा होता. पण पद्धत कोणाच्या हिताची होती हा एक प्रश्न आणि ती चालली का हा दुसरा. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट आहे.

जुन्या नजरेची खरी कसोटी लागली ती इनामांच्या चौकशीत. 1843 पासून दक्षिण महाराष्ट्रात सुरू झालेल्या चौकशीला 1852 च्या अकराव्या कायद्याने अधिकार मिळाले आणि इनाम कमिशन हजारो इनामदारांच्या सनदा तपासू लागले. सनद खरी की बनावट, हे तिच्या एकटीकडे पाहून कळत नसे. गाव इनाम दिले असेल तर त्याची रक्कम त्या वर्षीच्या हिशेबात वजा पडलेली दिसली पाहिजे; शिक्का, वळण, शेरे आणि सन यांचा मेळ बसला पाहिजे. हे ताडून पाहायला जुन्या पद्धतीत मुरलेले मोडी वाचणारे लागत. लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख याच कमिशनात अधिकारी होते, आणि त्यांचे वडील हरिपंत हे पेशव्यांचे सेनापती बापू गोखले यांचे फडणीस. फडाची नजर अशी एका पिढीतून दुसऱ्या अमदानीत गेली. त्या नजरेने खोट्या सनदा उघड केल्या तशी खऱ्या हक्कदारांचीही पुरेवाट केली; दक्षिण महाराष्ट्रातल्या 1857 च्या असंतोषात इनाम कमिशनचा मोठा भाग होता. म्हणजे अनुभवाने माणूस कागद ओळखायला शिकतो, न्यायी व्हायला शिकतोच असे नाही. ही मर्यादा मान्य करूनच पुढे जायला हवे.

तिसरा पुरावा इतिहासकारांचा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मोडी कागद घराघरांत कुजत होते आणि सरकारी दफ्तराची दारे अभ्यासकांना सहजी उघडत नव्हती. 1897 च्या सुमारास वासुदेवशास्त्री खरे मिरजेस पटवर्धनी कागद वाचून छापू लागले. 1898 मध्ये वि. का. राजवाड्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड काढला, आणि 1910 साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले. यांपैकी कोणी या कामाचे रीतसर शिक्षण घेतलेले नव्हते. कागद वाचत, चुकत, एकमेकांच्या चुका जाहीरपणे दाखवत ही मंडळी तयार झाली. जणू इतिहासकारांनीच दफ्तरात उमेदवारी केली. 1930 ते 1934 या काळात गोविंद सखाराम सरदेसाई यांनी पेशवे दफ्तरातून निवडलेल्या कागदांचे 45 खंड प्रसिद्ध केले. कोट्यवधी कागदांतून चार-पाच वर्षांत ही निवड झाली ती त्यांनी सगळे वाचले म्हणून नाही. त्याआधीची तीसेक वर्षे ते मराठी रियासत लिहीत होते. कोणत्या मोहिमेच्या कोणत्या महिन्यातला कागद आपल्याला हवा आहे, हे रुमाल सोडण्यापूर्वीच त्यांना ठाऊक होते. त्यांच्या निवडीवर पुण्यातल्या संशोधकांनी टीका केली, आणि टीका करू शकणारेही तेच होते ज्यांनी स्वतः कागद हाताळले होते.

या सगळ्याविरुद्ध सर्वांत वजनदार आक्षेप जोतीराव फुल्यांच्या लिखाणात आहे. दफ्तराची ही विद्या मुख्यतः ब्राह्मण आणि कायस्थ प्रभू घराण्यांच्या मुठीत होती. फडणिसी वंशपरंपरेने चाले. नाना फडणिसांना ती वडिलांच्या मागे चौदाव्या वर्षी मिळाली. ज्याला कोणी शेजारी बसू देत नाही त्याला उमेदवारी कुठली? त्याच्या वाट्याला कुलकर्ण्याने वाचून दाखवलेला कागद आणि त्याखाली उठवलेला अंगठा. ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये फुल्यांनी या फसवणुकीचा पाढाच वाचला. पुस्तक आणि शाळा सर्वांना खुल्या होऊ शकतात, हाताखालचे शिक्षण मात्र दार लावून दिले जाते, हा आक्षेप खोडून काढता येणार नाही. पण त्यावर फुल्यांनी स्वतः सुचवलेला उपाय पाहावा. 1882 मध्ये शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे त्यांनी प्राथमिक शाळांसाठी मागितले ते मोडी आणि बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, आणि शेतीच्या पाठांबरोबर प्रत्यक्ष शिकण्यासाठी लहानसे नमुन्याचे शेत. अनुभवाचे शिक्षण त्यांना नको नव्हते. त्याचे दार उघडायला हवे होते. आक्षेप अनुभवावर नाही, त्याच्या मक्तेदारीवर आहे.

दुसरा आक्षेप व्यवहारी माणसाचा. अनुभव माणसाबरोबर मरतो, सूची मागे राहते. शिवाय जुन्या हाताखाली शिकलेला जुन्याच्या चुकाही गिरवतो. लोकहितवादींनीच शतपत्रांत अर्थ न कळता केलेल्या घोकंपट्टीवर कोरडे ओढले आहेत. यातला दुसरा भाग आधी घेऊ. घोकणे आणि काम करून शिकणे यांत मोठे अंतर आहे. घोकलेले चुकले तरी कोणाचे काही अडत नाही. बेरीज चुकली तर तर्जुमा जुळत नाही आणि ती कोणाच्या तरी हाती सापडते. दफ्तरात एक हिशेब अनेक दरकदारांच्या हातांतून जाई तो यासाठीच. जिथे ही परस्परांची पारख सुटली, तिथे अनुभवाची सवय होऊन बसली, हेही खरे. पहिल्या भागाचे उत्तर बाजीरावाच्या दफ्तरात आहे. कागद मागे राहिले होते, खतावण्या राहिल्या होत्या. वाचणारे उरले नाहीत तेव्हा त्या सूच्यांसकट सगळे मुके झाले. सूची टिकते हे मान्य, पण वापरणाऱ्याची परंपरा तुटली की ती टिकून उपयोग होत नाही.

आज मोडी कागदांच्या प्रतिमा संगणकावर येत आहेत, मोडीचे वर्ग चालत आहेत, यंत्राने मोडी वाचण्याचे प्रयत्नही सुरू आहेत. ही सगळी कामे व्हायलाच हवीत. मात्र पंधरा दिवसांच्या वर्गात अक्षरओळख होते. पंतोजींच्या शाळेत जेवढे मिळे तेवढेच ते. त्यापुढची वर्षे कुठे काढायची, कोणाच्या शेजारी बसून, कोणते खरे काम अंगावर घेऊन, याची सोय झाली नाही तर रुमालांच्या जागी प्रतिमांचा ढीग येईल आणि तो तितकाच न वाचलेला राहील. हीच गोष्ट दफ्तराबाहेरही लागू आहे. शेतीचा सल्ला असो, औषधोपचार असो की बातम्या, रोज अंगावर येणाऱ्या मजकुराला तोंड देण्यासाठी आपण वाचण्याचा वेग वाढवू पाहतो किंवा दुसऱ्याने काढलेला गोषवारा मागतो. गोषवारा बरोबर आहे की नाही हे ज्याला कळते त्यालाच तो उपयोगी पडतो, आणि हे कळण्यासाठी त्या विषयातले एखादे तरी काम स्वतः करून, चुकून, दुरुस्त करून झालेले असावे लागते. सगळ्याच विषयांत हे कोणाला शक्य नाही. हुजूर दफ्तरातला कारकूनही सगळे दफ्तर जाणत नव्हता. त्याला आपला फड ठाऊक होता आणि दुसऱ्या फडावर कोणाला विचारायचे ते ठाऊक होते. एका कामात मुरलेली माणसे पुष्कळ असावीत, एकमेकांचा हिशेब तपासण्याइतकी ती जवळ असावीत, आणि त्यांच्या शेजारी बसायला कोणालाही मज्जाव नसावा. पेशव्यांच्या दफ्तरात यांपैकी पहिल्या दोन गोष्टी होत्या, तिसरी नव्हती. ती तिसरी गोष्ट साधणे आपल्या हाती आहे, पण त्या भरात पहिल्या दोन सोडून दिल्या तर कागद सर्वांना खुले होतील आणि वाचता कोणालाच येणार नाहीत.